परसाईच्या पाटाची कहाणी

ऐक परसाई, तुझी कहाणी. ऐका गं बायांनो, वाती वळायच्या त्या मागाहून वळा.

नगर होतं आटपाट. घरं भरलेली आणि घरामागची परसं ओसाड. त्या नगरात राही नावाची एक माळीण होती. नवरा सिदू देवळापाशी बसून हार गुंफी, राही लोकांच्या परसात बागा लावी. लावी ती बाग मरे. मोगरा लावला, तो जळून गेला. केळ लावली, ती कुजून गेली. तुळस लावली, तीसुद्धा टिकली नाही. मग लोक म्हणू लागले, हिचा हातच उष्ण. मग तिला कुणी बोलावीना. पदरी साळू नावाची लहानगी लेक, चुलीवर कधी तवा चढे, कधी न चढे. राही आपल्या परसातल्या वाळक्या काटक्यांकडं बघे आणि पदरानं डोळे पुशी.

एके दिवशी काय झालं? परसदारी एक म्हातारी आली. केस पांढरे, पायांना ओली माती. म्हणाली, "पोरी, पाणी दे." राहीनं पाणी दिलं. म्हणाली, "पोरी, बसायला दे." राहीनं पाट दिला. म्हातारीनं परसाच्या मधोमध पाट मांडला आणि बसली ती उठेचना. ऊन सरकलं की पाट सरकवी, सावली सरकली की पुन्हा सरकवी. राहीनं विचारलं, "आजी, काय करता?" म्हातारी म्हणाली, "बाग लावते." राहीला वाटलं, ऊन लागलं बिचारीला. घरात अर्धी भाकरी होती, ती तिनं तिच्यापुढं ठेवली.

दुसरा दिवस उजाडला. राहीनं भांडी घासली, लुगडी धुतली, साळूला न्हाऊ घातलं. मोरीचं पाणी कुठून निघतं, कुठं वळतं, कुठं मुरतं, ते म्हातारी बघत बसली. तिसरा दिवस उजाडला. मग म्हातारी माणसांकडं बघत बसली. पोर कुठं खेळते, राही विहिरीकडं कोणत्या वाटेनं जाते, दमली की कुठं टेकते. संध्याकाळी ती उठली. सकाळचं ऊन जिथं रेंगाळतं तिथं मोगरा लावायला सांगितला. पाणी जिथं मुरतं तिथं केळ लावायला सांगितली. माणूस दमून टेकतं तिथं सावलीचं झाड लावायला सांगितलं. राहीनं तसं केलं. आणि काय सांगू बायांनो, महिन्याभरात पानापानाला तजेला आला. मोगऱ्याला कळी आली, केळीला कोंब फुटला.

मग राहीनं म्हातारीचे पाय धरले. "आजी, हे व्रत कुणाचं? ह्याला काय करावं?"

म्हातारी म्हणाली, "ह्याला परसाईचा वसा म्हणतात. ज्याच्या घरी बाग लावायची, त्याच्या परसात तीन दिवस पाट मांडून बसावं. पहिल्या दिवशी ऊन बघावं. दुसऱ्या दिवशी पाणी बघावं. तिसऱ्या दिवशी माणूस बघावं. चौथ्या दिवशी कुदळ घ्यावी, त्याआधी घेऊ नये. बाग जगली की उद्यापन करावं. मुळाच्या मातीसकट एक रोप दारी येईल तिला द्यावं. ती सवाष्ण की विधवा, ते बघू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये." एवढं बोलली आणि म्हातारी दिसेनाशी झाली. पाटावर ओल्या मातीची दोन पावलं तेवढी उरली.

राहीनं वसा घेतला. कोष्ट्याच्या परसात बसली. तिथली म्हातारी आई थंडीत उन्हाच्या मागं मागं सरकत असे. राहीनं तिथं शेवगा लावला. थंडीत त्याची पानं झडतात, म्हातारीला ऊन मिळू लागलं. कासाराच्या परसात बसली. तिथून आळीतल्या बायका पाण्याला ये-जा करीत. राहीनं ती वाट तशीच सोडली, दोन्ही अंगांनी शेवंती लावली. वैद्याच्या परसात बसली. तिथं मोरीकाठी चिखल होई. राहीनं तिथं अळू लावलं, चिखल गेला आणि वैद्यीणबाईची भाजीची चिंता गेली. लोक थट्टा करीत. म्हणत, माळणीला बसायची चाकरी लागली. पण बागा बहरत, म्हणून बोलावीतही.

कीर्ती राजाच्या कानी गेली. राजानं नव्या महालाची बाग तिच्याकडं सोपवली आणि बसायला चंदनाचा पाट दिला, त्यावर चांदीची फुलं. मग रोज दहा घरची बोलावणी येऊ लागली. राही एक आणि घरं दहा. मग तिच्या मनात काय आलं? म्हणाली, पाट मांडल्याशी कारण. मग तिनं गडी ठेवला. गडी पाट घेऊन जाई, परसात मांडी, हळदकुंकू वाही, तीन दिवस राखी आणि चौथ्या दिवशी बाग लावी. सगळीकडं बाग एकच. उजवीकडं मोगरा, डावीकडं केळ, कडेला मेंदीचं कुंपण. हसू नका बायांनो. आपणही तांदूळ निवडता निवडता कहाणी ऐकतो आणि व्रत झालं म्हणतो.

साळू मोठी झाली. शिवेपलीकडच्या गावी तिचं लग्न लागलं. वर्ष सरलं. साळूनं बाजारच्या माणसाबरोबर निरोप धाडला, की आई, आमचं परस उघडं आहे. तू ये आणि तीन दिवस बस. राहीला आनंद झाला. पण महालात त्या दिवशी कारंज्याभोवतीची माती पडायची होती. मग तिनं काय केलं? लेकीचं घर, तिथं साधा पाट कसा धाडायचा? चंदनाचा पाट धाडला. बरोबर गडी धाडला. आपण गेली नाही.

त्यावर परसाई रुसली. कोष्ट्याच्या धाकट्या भावाकडं मोगरा भिंतीच्या सावलीत पडला, तो आंधळा राहिला, कळीच धरेना. एका शेटजींकडं केळ खडकावर पडली, ती करपली. राजाच्या महालात राणी अनवाणी देवाला जाई, तिच्या वाटेवरच मेंदीचं कुंपण आडवं आलं, पायांत काटक्या रुतल्या. राजा कोपला. म्हणाला, माळणीनं उद्यापासून महालात पाऊल टाकू नये. एकेक दार बंद झालं. त्यात कुणीतरी सांगितलं, तुमची साळू वाळली हो, दिवसभर घागरी वाहते आणि परस काही हिरवं होत नाही. राही परसदारी बसून रडू लागली.

तोच म्हातारी दारात उभी. राही म्हणाली, "आजी, माझं काय चुकलं? मी घरोघर पाट मांडला. एक घर सोडलं नाही."

म्हातारी म्हणाली, "पाट बसला, बाई. तू कुठं बसलीस?"

राही वरमली. तशीच उठली, चंदनाचा पाट कोनाड्यात उभा केला आणि रिकाम्या हातानं लेकीच्या गावी गेली. विहीणबाई भली बाई होती, पण जिभेला धार होती. म्हणाली, "या विहीणबाई. मागं तुमचा पाट आला होता. आम्ही त्याचा मान केला, जेवायला तेवढं वाढलं नाही." राहीनं मान खाली घातली. परसात गेली आणि मातीवरच बसली.

पहिल्या दिवशी तिनं ऊन बघितलं. मोगरा सावलीत होता. दुसऱ्या दिवशी पाणी बघितलं. केळ उंचावर होती, साळू घागरी ओतून ओतून दमत होती, पाणी निघून जात होतं. कडेचं मेंदीचं कुंपण मात्र काही कळेना. ऊन होतं, पाणी होतं, मूळ धरलेलं होतं, आणि एका जागी चार हातांएवढं कुंपण गुडघ्यावर येत नव्हतं. राहीनं कीड शोधली, सापडली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं माणूस बघितलं. संध्याकाळी साळूनं चूल पेटवली, सासूला पाणी दिलं आणि परसात आली. कुंपणापाशी उकिडवी बसली आणि त्या चार हातांतले कोवळे शेंडे एकेक करून खुडू लागली. आई बघते आहे हे तिच्या ध्यानीच नव्हतं, इतकी हाताला सवय.

राही जवळ गेली. म्हणाली, "साळू, वाढतं झाड का गं खुडतेस?"

साळू दचकली. म्हणाली, "हे वाढलं की वाट दिसत नाही."

"कुठली वाट?"

"तू येशील ती."

मग राहीनं लेकीला पोटाशी धरलं. माय रडली, लेक रडली, आणि धारदार जिभेची विहीणबाई दारात उभी होती, तीही रडली.

चौथ्या दिवशी राहीनं कुदळ घेतली. मोगरा उन्हात नेला. केळ मोरीच्या पाण्यावर नेली. मग ती कुंपणापाशी गेली आणि ती चार हात मेंदी मुळासकट उपटली, न्हाणीच्या आडोशाला लावली. तिथं दुसरं काय लावलं? काही लावलं नाही. तेवढी जागा मोकळी ठेवली. साऱ्या जन्मात तिनं लावलेली ती सर्वांत चांगली बाग.

मग राही नगरात आली. कोष्ट्याकडं बसली, शेटजींकडं बसली, राजाची क्षमा मागून महालात बसली. बागा पुन्हा बहरल्या. पण दर महिन्याच्या पंचमीला कुणी कितीही बोलावलं, तरी राही मिळत नसे. त्या दिवशी ती शिवेपलीकडच्या वाटेवर असे, आणि साळू लांबूनच तिला ओळखी.

जशी परसाई राहीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्यांची आई आहे त्यांना ती वाटेवर दिसो, ज्यांची नाही त्यांच्या परसदारी परसाई येऊन बसो. साठा बोलांची ही कहाणी पाचा बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.