पिवळी कोलंबी आणि दमलेला खुटुक

एक होती काचेची पेटी. इवलीशी. आत समुद्राचं पाणी. खारट खारट. बाबांनी बंदरावरून कॅन भरून आणलेलं.

पाण्यात एक मासोळी. केशरी अंग, पांढरे पट्टे. आणि तळाशी एक खेकडा. शंखात राहणारा. घर पाठीवर घेऊन फिरणारा. त्याचं नाव खुटुक.

मासोळी वर जेवायची. जेवताना सांडायची. सांडलेलं खाली यायचं. खाली आलेलं खुटुकचं. असं त्यांचं ठरलेलंच होतं.

एकदा काय झालं? आईनं बाजारातून कोलंबी आणली. उन्हातून आणली. बाळाला कडेवर घेऊन आणली. आई दमली. दमलेल्या आईचे हात आपले आपण चालतात. हात गेले हळदीच्या डब्यात. मग गेले मिठाच्या डब्यात. कोलंबी घरात आली, की आधी हळद-मीठ! सगळ्यांच्या कोलंबीला लावलं. मासोळीच्या कोलंबीलाही लावलं! आणि एक तुकडा पेटीत टाकला. टुपुक!

मासोळी आली. तोंड लावलं.

"थू! पिवळी कोलंबी!"

तुकडा खाली आला. खुटुकनं चाखला.

"थू! कडू कडू!"

झालं. जेवण गेलं. खुटुकच्या पोटात कावळे ओरडायला लागले. पाण्यातल्या खेकड्याच्या पोटात कावळे! हसू नका. त्याला खरंच भूक लागली होती.

खुटुक म्हणाला, "मासोळी, मासोळी, खा ना. घास सांडेना, पोट माझं भरेना!"

मासोळी म्हणाली, "मी नाही खाणार. बिनहळदीची कोलंबी आण. बारीक चिरून आण. माझ्या डोळ्याएवढी. मग खाईन."

खुटुकनं काचेतून पाहिलं. ओट्यावर पिशवी होती. पिशवीच्या तळाशी एक कोलंबी राहिली होती. तिला हळद लागली नव्हती. पण ओटा उंच. खुटुक बुटका.

खुटुकनं शंखात खारं पाणी भरून घेतलं. पाणी संपायच्या आत परत यायचं. नाहीतर खुटुक सुकून जाईल! पेटीतल्या हवेच्या नळीवरून वर चढला. पडद्यावरून खाली उतरला. निघाला.

खुट खुट खुट. पाणी डुचुक डुचुक.

भिंतीला टेकून विळी होती.

"विळी, विळी, कोलंबी चिर. मासोळी खाईना, घास सांडेना, पोट माझं भरेना!"

विळी म्हणाली, "सकाळी सात बांगडे चिरले. दमले रे मी. आई बसेल तर चिरीन. नाहीतर नाही."

खुट खुट खुट. पाणी डुचुक डुचुक.

आई चटईवर बसली होती. मांडीवर बाळ होतं.

"आई, आई, विळीवर बस. विळी चिरेना, मासोळी खाईना, घास सांडेना, पोट माझं भरेना!"

आईचे डोळे मिटत होते. आई म्हणाली, "दमले रे बाळा. पाय नुसते भरून आलेत. मांडीवर हा सोन्या. हा झोपेल तर उठेन. नाहीतर नाही."

खुटुक जरा चढला. आईच्या गुडघ्यावर चढला. शंखात पाणी उरलं अर्धं.

"बाळा, बाळा, झोप ना. आई उठेना, विळी चिरेना, मासोळी खाईना, घास सांडेना, पोट माझं भरेना!"

बाळानं डोळे चोळले. ओठ काढले. बाळ म्हणालं, "ऊंऽऽ! पाळणा हलेल तर झोपेन. नाहीतर नाही. ऊंऽऽ!"

आपल्याकडे पण असं एक बाळ आहे. नाव नाही सांगत.

खुट खुट खुट. पाणी डुचुक.

"पाळण्या, पाळण्या, हल ना. बाळ झोपेना, आई उठेना, विळी चिरेना, मासोळी खाईना, घास सांडेना, पोट माझं भरेना!"

पाळणा म्हणाला, "कुईऽऽ! रात्रभर हललो. दमलो रे मी. बाबा दोरी ओढतील तर हलेन. नाहीतर नाही."

खुट... खुट... खुट. पाणी उरलं चमचाभर. खुटुकचे पाय दुखायला लागले. तुम्हाला दोन पाय. त्याला किती! सगळेच दुखायला लागले.

बाबा खिडकीखाली आडवे झाले होते. पहाटेपासून बंदरावर बर्फ फोडून आले होते.

"बाबा, बाबा, दोरी ओढा. पाळणा हलेना, बाळ झोपेना, आई उठेना, विळी चिरेना, मासोळी खाईना, घास सांडेना, पोट माझं भरेना!"

बाबांनी एक डोळा उघडला. "अरे खुटुक, हात बघ माझे. गार पडलेत. आणि पायांवर हा बोका निजलाय. हा उठेल तर मी उठेन. नाहीतर नाही." एक डोळा मिटला.

बोका! खुटुकला बोक्याची फार भीती. पण करणार काय?

खुट.

खुट.

खुट.

बोका केवढा! ढेरपोट्या, मिशाळ. घुर्रर्र घुर्रर्र घोरत होता. खुटुक लांबूनच म्हणाला,

"बोकोबा, बोकोबा, उठा ना. बाबा उठेनात, पाळणा हलेना, बाळ झोपेना, आई उठेना, विळी चिरेना, मासोळी खाईना, घास सांडेना, पोट माझं भरेना!"

हुश्श! म्हणता म्हणता मीच दमले.

बोका म्हणाला, "मला कोलंबीचं डोकं दे. मग उठेन. नाहीतर नाही."

"पण डोकं कुठून आणू? कोलंबी अजून चिरलीच नाही!"

"मग मी उठलोच नाही," बोका म्हणाला. आणि परत घोरायला लागला. घुर्रर्र.

खुटुक खाली बसला. शंखात डोकावला. पाणी किती? एक थेंब.

"आता कोणाकडे जाऊ?" खुटुक म्हणाला. "सगळ्यांकडे जाऊन आलो. सगळे दमलेत. कोण्णी म्हणून उरलं नाही."

मग त्यानं आपली नांगी पाहिली. मग म्हणाला,

"अरे! मी उरलोय की!"

तो उठला. दमलेला होता, तरी उठला. भीती वाटत होती, तरी पुढे गेला. बोक्याचं शेपूट धरलं. आणि काढला एक चिमटा.

चिम्!

"म्याँऽऽव!"

बोका उठला. टुण्णकन उठला. बाबांचे पाय सुटले. बाबा उठले. बाबांनी दोरी ओढली. पाळणा हलला, कुई कुई. आईनं बाळाला पाळण्यात ठेवलं. बाळ झोपलं. आई उठली. आई विळीवर बसली.

आणि आईनं कुठली कोलंबी घेतली? पिवळी!

"नको! नको! नको!" खुटुक ओरडला. आवाज आला एवढासा. थेंबसुद्धा संपला होता ना!

आईनं खाली पाहिलं. "अगं बाई! खुटुक, तू इथे कसा रे?" मग पेटीकडे पाहिलं. तळाशी पिवळा तुकडा. मग आपले हात पाहिले. पिवळे हात!

"हळद! अहो, मी माशाच्या कोलंबीलाही हळद-मीठ लावलं!"

आई हसली. बाबा हसले. हसायलासुद्धा दमले होते, तरी हसले.

बाबांनी खुटुकला उचललं. अलगद पाण्यात सोडलं. बुडुक! आणि तो पिवळा तुकडा काढून टाकला.

आईनं हात धुतले. घासून घासून धुतले. पिशवी झटकली. तळाची कोलंबी बाहेर आली. साधी, बिनहळदीची.

डोकं काढलं, बोक्याला दिलं. साल काढलं. पाठीतला काळा दोरा काढला. कोलंबी धुतली. विळीनं चिरली. चिर चिर चिर. किती बारीक? मासोळीच्या डोळ्याएवढी.

मग चिमूट चिमूट पेटीत सोडली.

मासोळी आली. गट्टम! एक तुकडा खाल्ला. गट्टम! दुसरा खाल्ला. खुटुक खाली उभा. वर बघत उभा.

गट्टम! गट्टम! गट्टम!

काहीच सांडेना! भूक लागल्यावर कोण सांडतं?

उरला एक तुकडा. शेवटचा. मासोळीनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिला खाली खुटुक दिसला. दमलेला. पाय पसरलेला.

मासोळीनं तोंड मिटलं. शेपटीनं तुकड्याला हळूच ढकललं.

तुकडा खाली आला. डुलत डुलत आला. खुटुकच्या पुढ्यात आला. टुपुक.

खुटुकनं एक घास खाल्ला. गोड गोड! दुसरा घास हातात धरला. तो तोंडापर्यंत गेलाच नाही. खुटुकचे डोळे मिटले.

मासोळी बाजूला येऊन थांबली. तो घास तिनं खाल्ला नाही. जागा झाल्यावर त्याला लागणार होता.

बोक्याला डोकं मिळालं. मासोळीला जेवण मिळालं. खुटुकला त्याचं सांडलेलं मिळालं. मागे उरली झोप. ती बाळाला मिळाली, आईला मिळाली, बाबांना मिळाली. सगळ्यांना पुरली.

थोडी आपल्यासाठी पण ठेवलीय. या, कुशीत या.