घुशीचे दुसरे दार

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक घूस राहत असे. बिळे खोदण्यात तिचा हात धरणारे आसपास कोणी नव्हते. तिच्या हाताखाली उंदरांची मोठी टोळी काम करी. तिची बिळे कोरडी आणि उबदार असत, त्यामुळे दूरच्या जंगलांतले ससेसुद्धा बिऱ्हाड थाटायचे म्हटले की तिच्याकडेच येत आणि बदल्यात शेंगा, कंदमुळे आणून देत.

घूस मनाने वाईट नव्हती, मुलांनो. उंदरांना ती पोटभर खाऊ घाली. पण आपल्या चांगुलपणाचा तिला फार अभिमान होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगे, "माझ्या उंदरांना मी पोटच्या पोरांसारखे जपते." कशी जपतेस, असे कोणी विचारले की मात्र तिला राग येई.

त्या सुमारास नदीपलीकडच्या जंगलांत बिळे ढासळून पुष्कळ खोदणारे दगावले होते. म्हणून सगळ्या जंगलांतल्या प्राण्यांनी एकत्र बसून एक नियम केला. लांब बीळ खोदायचे तर त्याला दोन दारे ठेवायची, म्हणजे एक बुजले तरी आतल्यांना दुसऱ्याने बाहेर पडता येईल. आणि नियम पाळला, असे मालकाने नुसते सांगून भागणार नाही. दुसऱ्या जंगलातल्या कोणीतरी येऊन ते पाहायचे. घुशीनेही त्या बैठकीत मान डोलावली होती. पण दुसरे दार म्हणजे दुप्पट मेहनत. ती ते काम पुढे ढकलत राहिली.

पावसाळा सरत आला तेव्हा पलीकडच्या सशांचा निरोप आला. त्यांना मोठे बीळ हवे होते, पण आधी त्यांच्या जंगलातले साळिंदर येऊन पाहून जाणार होते. दोन दारे असली तरच ससे राहायला येणार होते. घुशीचे नवे बीळ जवळजवळ तयार होते, आणि त्याला दार होते एकच. ती काळजीत पडलेली पाहून शेजारचा कोल्हा म्हणाला, "त्यात काय एवढे, घूसबाई? पलीकडच्या टोकाला बाहेरून हातभर खड्डा खोदा. तोंड छान गोल करा. लांबून पाहणाऱ्याला ते दारच वाटेल."

"आणि साळिंदर आत शिरले तर?"

"अंगावरचे काटे अडकतील म्हणून सांगा. कोणाला हौस आहे अडकून पडायची?"

घुशीला ते पटले नाही, पण सोयीचे वाटले. खड्डा तिने स्वतःच खोदला. टोळीतला म्हातारा उंदीर तिला म्हणाला, "बाई, माती अजून ओली आहे. आतून वाट काढल्याशिवाय आम्हाला खोल पाठवू नका."

"साळिंदर गेले की पहिले काम तेच," घूस म्हणाली. "आज तेवढे आतले दालन पुरे करा."

उंदीर आत गेले.

दुपारी दोन सशांना घेऊन साळिंदर आले. त्याने पुढचे दार पाहिले, मग उतारावरून खाली जाऊन दुसरे पाहिले. "दिसते तर नीट आहे," ते म्हणाले, "पण एका दाराने शिरून दुसऱ्याने बाहेर यावे म्हणतो."

"तुमचे काटे अडकतील, साळिंदरदादा. ओली माती आहे," घूस घाईने म्हणाली.

साळिंदर विचार करत थांबले. तेवढ्यात पायांखालची जमीन हादरली. जड काहीतरी खचल्याचा आवाज झाला. सगळे वर धावले, तर पुढचे दार नाहीसे झाले होते. तिथे मोठमोठे दगड आणि चिखल यांचा ढीग पडला होता.

"आत कोणी आहे का?" सशाने विचारले.

"सगळे आत आहेत," घूस म्हणाली.

"घाबरू नका," साळिंदर म्हणाले. "दुसरे दार आहे. त्यातून येतील बाहेर. चला."

सगळे खालच्या दाराशी येऊन उभे राहिले. कोणीच बाहेर आले नाही. सशाने जमिनीला कान लावला. "नखांचा आवाज येतोय," तो म्हणाला. "पण येत का नाहीत ते?"

आवाज ऐकून आलेला कोल्हा घुशीजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "गप्प राहा. सगळ्यांना वरचे दगड काढायला लावा. आत्ता बोललात तर जन्मात कोणी तुमच्याकडे बीळ मागणार नाही."

वरचे दगड लवकर हलणारे नाहीत, हे तिला ठाऊक होते. आतली हवा किती वेळ पुरेल, हेही तिला ठाऊक होते. आपण एवढे नाव किती कष्टाने मिळवले, ते तिला आठवत होते. ससा अजून कान लावून बसला होता. "आवाज कमी झाला," तो म्हणाला.

"ते दार खोटे आहे," घूस म्हणाली.

साळिंदराने तिच्याकडे वळून पाहिले.

"आत भिंत आहे. मीच बाहेरून खड्डा खोदला. उंदीर त्या भिंतीपलीकडे येऊन थांबले असतील. इथेच उकरा, वर जाऊ नका." एवढे बोलून ती खड्ड्यात शिरली आणि उकरू लागली. तिच्या मागे साळिंदर शिरले. ससे पायांनी माती मागे फेकू लागले. कोल्हा केव्हा निघून गेला, ते कोणी पाहिले नाही.

वरून ओली माती घुशीच्या पाठीवर पडत होती. एक दगड आडवा आला, त्यावर तिची नखे तुटली. साळिंदराने दगडाला खांदा लावला. दगड सरकला आणि फटीतून एक ओले, थरथरते नाक बाहेर आले. मग दुसरे. एकेक करून उंदीर बाहेर ओढले गेले. म्हातारा उंदीर सर्वांत शेवटी निघाला. त्याचा मागचा पाय चेंगरला होता. बराच वेळ तो निपचित पडून होता. मग त्याने डोळे उघडले.

"आत पोरं रडत होती," तो घुशीला म्हणाला. "मी त्यांना सांगत होतो, बाई येतील."

घूस त्याच्या चेंगरलेल्या पायावरची माती काढू लागली.

ससे त्याच दिवशी परत गेले. ही बातमी सगळ्या जंगलांत पोचली आणि त्या हिवाळ्यात घुशीकडे कोणी फिरकले नाही. ती साळिंदराकडे जाऊन म्हणाली, "तो नियम मला पहिल्यापासून सांगा."

"बैठकीत सांगितला होता. तुम्ही मान डोलावली होती."

"तेव्हा मी ऐकला नव्हता."

साळिंदराने तो पुन्हा सांगितला. घुशीने नव्या बिळांना दोन दारे ठेवलीच, शिवाय जुन्या बिळांनाही दुसरी दारे खोदली. ओल्या मातीत कोणाला पाठवायचे नाही, असे उंदरांनी सांगितले. तेही तिने मानले. साळिंदराला ती म्हणाली, "पाहायला येताना कळवू नका. आणि मला विचारू नका, उंदरांना विचारा."

पुढल्या उन्हाळ्यात दोन ससे बीळ बघायला आले. घुशीशी न बोलता ते सरळ म्हाताऱ्या उंदराकडे गेले. "या बिळाचे दुसरे दार खरे आहे का?" त्यांनी विचारले.

उंदीर लंगडत पुढे झाला. "चला माझ्यामागून," तो म्हणाला, "त्यातूनच बाहेर पडू."

तात्पर्य : आपण इतरांना जपतो, असे आपणच म्हणून पुरत नाही. सर्वांनी मिळून ठरवलेल्या नियमाच्या कसोटीला ते उतरावे लागते आणि ज्यांना जपायचे, त्यांनी तशी ग्वाही द्यावी लागते.