माळावरची नवी बिळं

माळावर अजून माणसांचा रस्ता आला नव्हता, तेव्हाची गोष्ट. पावसात बिळाचं छत खचून सशिणीची दोन पिल्लं दगावली. तिने उंचवट्यावर साऱ्या सशांसाठी नवी बिळं खोदून घ्यायचं ठरवलं.

काम मागायला घूस आणि साळिंदर आले. घूस भराभर बोलत होती, साळिंदर गप्प होता. सशिणीने दोघांनाही थांबवलं आणि त्यांची जुनी कामं बघायला ती स्वतः गेली.

घुशीने खोदलेल्या बिळातला उंदीर खूश होता. "भिंती बघा किती गुळगुळीत! काम उरकल्यावर घूसताई मात्र पुन्हा दिसल्या नाहीत, कुठे असतात कोण जाणे."

साळिंदराने खोदलेल्या बिळातलं मुंगूस कुरकुरलं. "माझी एक भिंत ढासळली हो. निरोप गेला तसा साळिंदरदादा भर पावसात आला आणि नवी करून गेला."

सशिणीने साळिंदराला काम दिलं. घूस चिडली. "भिंत त्याची पडली, माझी एकही नाही. तरी काम त्यालाच?"

"तुझं काम चांगलंच आहे," सशीण म्हणाली. "पण भिंत कुणाचीही पडते. तुझी पडली तर तुला कुठे शोधायचं, ते उंदराला सांगता येईना."