उजवीकडे वळवलेले डोळे

नकाशे काढायची पद्धत पडली, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्यात एक कायदा होता. राजाची नजर ज्याच्यावर असेल, त्यानंच दरबारात बोलायचं. मग तो सरदार असो की मोळीविक्या. नजर नसेल तर भल्याभल्यांनी तोंड मिटून बसायचं. यात लबाडी होऊ नये म्हणून एक म्हातारा भालदार नेमलेला होता. बोलणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, त्याच्या खांद्यावरून सिंहासनाकडे पाहायचं आणि ‘नजर आहे’ किंवा ‘नजर नाही’ एवढंच सांगायचं, हे त्याचं काम. फिर्याद तीन दरबारांत तीनदा मांडायची; तिसऱ्यांदा मांडल्यावर ती कोणी खोडू शकलं नाही, तर ती मान्य होत असे.

एकदा राजाला सरहद्दीवर जावं लागलं. तो म्हणाला, “मी येईपर्यंत माझं चित्र सिंहासनावर ठेवा. कायदा तोच राहील.”

चित्र काढायला म्हाळसा चितारीण आली. तिनं राजाला आठ दिवस समोर बसवलं आणि एकदा चांगलंच फटकारलंही. “महाराज, इकडेतिकडे काय बघता? माझ्या डोळ्यांत बघा. चित्र बिघडलं तर लोक मला नावं ठेवतील, तुम्हाला नाही.”

राजा मुकाट्यानं तिच्या डोळ्यांत बघत राहिला.

पहिला दरबार भरला. सिंहासनाकडे तोंड केलं की उजव्या अंगाला गाद्यांवर सरदार बसले होते; सगळ्यांत पुढे थोरले सरदार. डाव्या अंगाला, दाराशी, रयत उभी होती. आपलं काम लोकांना कसं वाटतं ते पाहायला म्हाळसा एका खांबाला टेकून उभी राहिली.

दारातल्या साळू कुंभारणीनं मान वर केली आणि ती दचकली. “अगं बाई! राजा माझ्याकडं बघतोय.”

“तुझ्याकडं कुठला? माझ्याकडं बघतोय,” मागचा विणकर म्हणाला.

“गप रे! तुझं तोंड बघण्यावाचून राजाचं काय अडलंय?”

भालदार आला. साळूच्या मागे उभा राहिला. “नजर आहे,” तो म्हणाला.

राजा स्वतः सिंहासनावर असायचा, तेव्हा त्याची मान दाराकडे क्वचितच वळायची. साळू अकरा वर्षं त्या दारात उभी राहून परत जात होती. आज तिची पाठ आपोआप ताठ झाली.

“आमच्या तळ्याला थोरल्या सरदारांनी कुंपण घातलंय,” ती म्हणाली. “त्यांचे घोडे पाणी पितात आणि आमच्या बायका अर्धा कोस चालत ओढ्यावर जातात. ते तळं आमच्या आज्यांनी खोदलंय. कुंपण काढा.”

खांबापाशी उभ्या असलेल्या म्हाळसेचा ऊर भरून आला. चाळीस वर्षांत तिच्या कामाला अशी दाद कोणी दिली नव्हती.

दुसऱ्या दरबारातही साळू बोलली. आता एकच दरबार उरला होता.

थोरल्या सरदारांनी म्हाळसेला वाड्यावर बोलावलं. “बाई, तुझं चित्र बिघडलंय.”

“कुठं बिघडलंय?”

“ते सगळ्यांकडे बघतं.”

“मग बिघडलं कुठं?”

“वाद घालू नकोस. डोळे उजवीकडे वळव. आमच्या बाजूला.”

“सरकार, माणूस एकाकडे बघतो तेव्हा दुसऱ्याकडे बघत नाही. चित्राचं तसं नसतं. समोर बघणारं चित्र दालनातल्या प्रत्येकाकडे बघतं. बुबुळं एका बाजूला वळवलीत, तर ते कोणाकडेच बघणार नाही. तुमच्याकडेही नाही.”

“आम्हाला शिकवतेस?”

“तलवारीबद्दल तुम्ही सांगा, मी ऐकते. डोळ्यांबद्दल मी सांगते, तुम्ही ऐका.”

सरदारांचा चेहरा लालबुंद झाला. “उद्यापासून तुझ्या हातात कुंचला दिसला, तर अंगठा राहणार नाही!”

म्हाळसेनं कुंचल्यांची पेटी त्यांच्यापुढे ठेवली. “घ्या. पण खोटी नजर मी काढणार नाही.”

वाड्यातून ती मान वर करून निघाली. घरी आल्यावर मात्र ती आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बसली. दुसरं कुठलंच काम त्या हातांना येत नव्हतं.

इकडे थोरले सरदार हसले. “दोन काळे ठिपके! त्यात कसली आलीय कला?” त्या रात्री रिकाम्या दरबारात जाऊन त्यांनी दिव्याच्या काजळीत बोट बुडवलं आणि राजाची बुबुळं आपल्या हातानं उजवीकडे सरकवली.

तिसरा दरबार भरला. साळू पुढे आली. भालदार तिच्या मागे उभा राहिला. मग पडलेल्या आवाजात म्हणाला, “नजर नाही.”

दारातल्या माना खाली गेल्या. म्हाळसेनं लांबूनच बोटाचा फराटा ओळखला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

थोरले सरदार मिशांना पीळ देत उठले. ते तळं कायमचं आपल्या पागेच्या नावे करून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तोच भालदार त्यांच्या मागे येऊन उभा राहिला.

“नजर नाही.”

“म्हाताऱ्या, तुला दिसेनासं झालंय का?”

“मला लख्ख दिसतंय सरकार. महाराज तुमच्या उजव्या खांद्यापलीकडे बघताहेत.”

“मग मी सरकतो.” सरदार एक गादी ओलांडून उजवीकडे गेले. “आता?”

“अजून पलीकडे बघताहेत.”

ते आणखी सरकले. शेजारचे सरदार ओरडले, “अहो, माझ्या मांडीवर बसता की काय?” मग तेही नजर शोधत उजवीकडे सरकले. एकानं दुसऱ्याला ढकललं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. शेवटी सगळे सरदार भिंतीशी दाटीवाटीनं उभे राहिले. थोरल्या सरदारांचा खांदा भिंतीला टेकला होता.

“आता तरी?”

“आता महाराज भिंतीकडे बघताहेत,” भालदार म्हणाला.

दारात हशा पिकला. भालदारानं काठी आपटली. “नजर कोणावरच नाही. दरबारात कोणी बोलायचं नाही.”

दहा दिवस हेच चाललं. घोड्यांच्या चंदी-वैरणीचा हुकूम निघेना, पहारे बदलेनात, कोठाराचं कुलूप उघडेना. सरदारांनी काजळी पुसून पाहिली, तर ती गालांवर पसरली आणि राजा रडल्यासारखा दिसू लागला. मग बाकीचे सरदार थोरल्यांवरच उलटले. “तुमच्या एका बोटापायी आम्हा सगळ्यांची वाचा गेली!”

शेवटी थोरले सरदार कुंचल्यांची पेटी काखेत मारून स्वतः म्हाळसेच्या दारात आले. “डोळे सरळ कर, बाई.”

“मग ते सगळ्यांकडे बघतील.”

“काहीतरी तडजोड काढ. निदान ते दार तरी वगळ. मागशील ते देईन.”

“सरकार, ही माझी अट असती, तर तुम्ही मला धाक दाखवला असता किंवा विकत घेतलं असतं. ही चित्राची अट आहे. एक तर सगळे, नाहीतर कोणीच नाही.”

सरदारांनी पेटी तिच्या हातात दिली.

म्हाळसेनं भर दरबारात, सगळ्यांच्या देखत काजळी धुतली आणि बुबुळं पुन्हा जागेवर आणली. ती बाजूला झाली आणि दारापासून गाद्यांपर्यंत प्रत्येकाला वाटलं, राजा आपल्याकडेच बघतोय.

“नजर आहे,” भालदार म्हणाला. साळूनं तिसऱ्यांदा फिर्याद मांडली.

“ही कोणाला खोडायची आहे?” भालदारानं विचारलं.

थोरले सरदार उठले. नजर त्यांच्यावरही होती; बोलायचा हक्क त्यांनाही होता. त्यांनी सिंहासनाकडे पाहिलं. ते डोळे थेट त्यांच्या डोळ्यांत बघत होते. त्या डोळ्यांसमोर ‘तळं माझं आहे’ हे शब्द काही त्यांच्या तोंडून फुटेनात. ते खाली बसले.

त्याच दुपारी लोकांनी कुंपणाचे खांब आपल्या हातांनी उपटले. सरदारांचे घोडेही पाणी प्यायला आले, तेव्हा त्यांना कोणी हाकललं नाही; फक्त बायकांच्या घागरी भरेपर्यंत थांबवलं. तळ्यावर एका वाटसरूनं विचारलं, “हे कोणी घडवलं?” साळूनं भरलेली घागर डोक्यावर घेतली आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “आमच्या म्हाळसेनं!”

सत्तेच्या आसपास बसणाऱ्यांनी यातून एवढं जरूर घ्यावं: मोजक्यांकडेच वळवलेली नजर शेवटी कोणालाच पाहत नाही.