किटल्या उतरवल्यावर

फार पूर्वी, यंत्रांनाही बोलता यायचं तेव्हाची गोष्ट. एक मोटारसायकल होती. तरुणपणी ती माळावरच्या सरळ रस्त्यावर शर्यतीत सुसाट सुटायची. मग तिच्या मालकाचं, बाळगोंडाचं, लग्न झालं आणि तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकल्या.

"हळू गं बाई, दूध हिंदकळतंय," किटल्या रोज बजावायच्या. ती हळू जायची. पण माळ आला की तिचा जीव तुटायचा.

बऱ्याच वर्षांनी त्या माळावर पुन्हा शर्यत भरली. बाळगोंडाने किटल्या उतरवल्या, टाकी पुसली आणि तिला रेषेवर उभं केलं. निशाण पडलं. बाकीच्या गाड्या उसळून सुटल्या. बाळगोंडाच्या हातून मात्र क्लच सवयीने अलगद सुटला आणि तीही अलगदच निघाली. सगळ्यांत शेवटी पोचली.

"काय झालं गं?" घरी किटल्यांनी विचारलं.

"तुम्ही नव्हतात, तरी आम्ही दोघं तुम्हालाच सांभाळत होतो."

दुसऱ्या दिवशी दूध घालून परतताना माळ आला, तेव्हा किटल्याच हळूच म्हणाल्या, "आता आमच्यात थेंबसुद्धा नाही. पळ!"