आंबीसाठी घासलेला कमठा

फार वर्षांपूर्वी, धामणदऱ्याच्या रानात भरदुपारीसुद्धा ऊन जमिनीला टेकत नसे तेव्हा, तिथल्या ठाकरवाडीत पदू नावाचा कमठे करणारा राहायचा. कमठा म्हणजे धनुष्य. वाडीत घरोघरी खुंटीला कमठा असायचा आणि प्रत्येक कमठा पदूच्याच हातचा. त्याचा त्याला तोराही तसाच होता. "माझा कमठा मोडला तर मला पदू म्हनू नका," असं तो येताजाता सांगायचा. नाव बदलायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही, असं म्हणतात.

त्याची रीत ठरलेली. धामणीचं लाकूड चुलीवरच्या धुरात वाळवायचं. वाळलं की मधे मूठ सोडायची आणि तिच्या वरचा हात, खालचा हात कोयत्याने तासायचा. कमठ्याच्या दोन बाजूंना तो हातच म्हणायचा. सालीकडच्या अंगाला धक्का लावायचा नाही, लाकूड काढायचं ते पोटाकडून. मग दोरी चढवून कमठा खुंटीला आडवा टांगायचा, दोरी खाली ओढायची आणि दोन्ही हात सारखे वाकतात का ते बघायचं. जो हात ताठून बसेल त्यालाच खरवडायचं. शेवटी खरवतीच्या खरखरीत पानांनी दोन्ही हात इतके घासायचे, की त्यांच्यावर बसलेली माशी घसरून पडायची, असं म्हणतात.

एके साली पदूची बायको आंबी वाडीतल्या बायांबरोबर दरीपलीकडच्या कड्यावर हिरडा वेचायला गेली. बाया कड्याच्या कपारीत पोचल्या आणि मागे दरड कोसळली. वाट पार नाहीशी झाली. वर सरळ उभा कडा, खाली दरी, आणि पायाखालच्या कपारीची मातीही ढासळू लागली. बायांच्या हाका अलीकडे वाडीत ऐकू आल्या तशी सगळी वाडी दरीच्या काठावर धावली.

मध काढायचा जाड दोर वाडीत होता, पण तो पलीकडे न्यायचा कसा? गड्यांनी बाणाला अंबाडीची सुतळी बांधून सोडून पाहिली. सुतळीच्या ओझ्याने एकेक बाण अर्ध्यातच दरीत पडला. तेव्हा पदूने घरी धावत जाऊन माळ्यावरून मनगटाएवढं जाड धामणीचं लाकूड काढलं. इतक्या जाड लाकडाचा कमठा कुणी कधी केला नव्हता.

ते घेऊन पदू काठावरच तासायला बसला. त्याने कमठा झाडाच्या फांदीला टांगला, ओढला, बघितला, खरवडला आणि पुन्हा टांगला. पलीकडे माती पडतच होती. अखेर दोन्ही हात सारखे वाकले आणि लोकांनी सुस्कारा टाकला. पदूने मात्र दोरी उतरवली, कमठा मांडीवर घेतला आणि खरवतीचं पान उचललं. मग मात्र वाडीचा कारभारी धावजी भडकला.

"पदू, तुझं डोस्कं फिरलं का? तुझीच बायको तिथं लटकलीया आन् तू कमठा नटवतोस? आटप की लवकर!"

पदूचेही डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. "कोयत्याचा येक ओरखडा राह्यला तर तिथंच तडा जाईल. दुसरं वाळकं लाकूड न्हाई माझ्यापाशी. तुमचं हात मोकळं हायेत म्हनून तोंड चालतंय. घ्या पानं!"

धावजी खाली बसला आणि त्याने पान घेतलं. त्याच्यामागून सगळी वाडी बसली. म्हाताऱ्यांनी घासलं, लेकुरवाळ्यांनी घासलं, ज्यांचं पदूशी वाकडं होतं त्यांनीही घासलं. मोहाच्या बियांचं तेल चोळलं तेव्हा कमठ्याच्या हातांत माणसांचे चेहरे दिसायला लागले, असं म्हणतात.

दोरी चढवून आणि बाणाला सुतळी बांधून पदू काठावर उभा राहिला. त्याने ओढलं तशी कमठ्याची दोन टोकं एकमेकांना भेटायला आली आणि लाकूड साधं कुरकुरलंही नाही. बाण सुटला. सुतळी सरसरत मागे धावली. पण ऐन दरीवर बाण दमला आणि हवेतच थबकला, असं म्हणतात. पदूने तिथूनच त्याला दटावलं, "अरं, आंबी थांबलीया! आन् तू कशापायी थांबतोस?" बाण शरमला आणि जाऊन कपारीतल्या झाडात रुतला.

बायांनी सुतळी ओढली, सुतळीमागून दोर आला. दोराला झोळी अडकवून एकेक बाई अलीकडे आणली. आंबी सगळ्यांच्या शेवटी आली, आणि तिने झोळीतून पाय काढला तशी पलीकडची कपार दरीत कोसळली.

"आवं, किती येळ लावलात!" आंबी म्हणाली आणि रडू लागली.

"सारी वाडी मदतीला हुती, म्हनून वाईच उशीर झाला," पदू म्हणाला. मग तोही रडला.

आता त्या रानात शिकार कुणी करत नाही. तरी दरसाल हिरडा पिकला की वाडीत एक नवा कमठा होतो आणि सगळी वाडी तो पानांनी घासते. त्या दिवशी जो कुणी "लवकर आटपा" म्हणेल त्याच्या हातात पान ठेवतात, मग तो पाहुणा असो की जावई. तेल चोळून झालं की दोरी चढते आणि सगळे दरीच्या काठावर जातात. बाण सुटतो, आणि तो दरीवर पोचला रे पोचला की लहानथोर सगळे एका आवाजात ओरडतात, "आंबी थांबलीया!"