पालकाचा वाफा

एका गावात एक शाळा होती, आणि त्या शाळेची परसबाग गावातल्या भल्याभल्या बागायतदारांना लाजवील अशी होती. बागेचे नियम दोनच. वाफ्यावर औषध फवारायचं नाही. कीड पडली तर राख टाकायची, नाहीतर हाताने वेचायची. आणि ज्याच्या वाफ्यातली भाजी खिचडीत पडेल, त्याने पहिलं ताट स्वतःच्या हाताने पहिलीतल्या सर्वांत लहान मुलाला वाढायचं.

सातवीतल्या सुनयनाचा वाफा पालकाचा. दरवर्षी बाहेरचे पाहुणे येऊन वाफ्यांची तपासणी करत आणि सर्वांत चांगल्या वाफ्याला पहिला नंबर देत. दोन वर्षं तिचा नंबर हुकला होता आणि ते तिच्या मनाला चांगलंच लागलं होतं. यंदा पालक कसा तरारून आला! पण तपासणीला दहा दिवस उरले असताना पानांवर मावा पडला. राखेने तो हटेना. सुनयनाचा धीर सुटला. तिने वडिलांचं कपाशीवरचं औषध गुपचूप आणून फवारलं. फवारल्यावर आठ दिवस भाजी तोडायची नसते, हे तिला ठाऊक होतं. भाजी तपासणीच्या दिवशीच तुटणार, मग भीती कसली? अशी तिची समजूत.

तिसऱ्याच दिवशी तपासणीचे पाहुणे न सांगता दारात हजर.

मधल्या सुट्टीत सुनयना वर्गाबाहेर आली, तर खिचडी शिजून तयार होती. खिचडी हिरवीगार दिसत होती.

"तुझाच पालक तोडला गं," शाळेत स्वयंपाक करणाऱ्या द्रौपदाकाकू कौतुकाने म्हणाल्या. "एका पानाला भोक नाही! पाहुण्यांनी पहिला नंबर दिलाय तुला. घे, वाढ आता."

समोर पहिलीतली चिंगी इवलंसं ताट पुढे करून उभी होती. काकूंनी पालक धुतला असेलच, सुनयना मनाला समजावू लागली. शिजल्यावर काय उरतंय? तिने डाव भरला. पाहुणे हसून बघत होते.

"ताई, वाढ ना. भूक लागली," चिंगी म्हणाली.

डाव हातातून गळून पडला.

"कुणी खाऊ नका!" सुनयना ओरडली. "मी औषध मारलंय!"

भोईटे गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू, कुणी चव घेतली?"

"नाही, गुरुजी. अजून कुणीच नाही."

खिचडी खोल खड्ड्यात पुरली. पोरं त्या दिवशी मुरमुऱ्यांवर राहिली, आणि चिंगी तर रडलीच. तिचं ते रडणं सुनयनाला नंबर गेल्यापेक्षा जास्त झोंबलं. पालक मुळासकट उपटून तिने दुसऱ्या कोपऱ्यात मेथीचा नवा वाफा केला. रोज सकाळी एकेका पानावरचा मावा ती बोटांनी पुसायची.

दोन महिन्यांनी तिची मेथी खिचडीत पडली. पानं भोकाभोकांची होती. चिंगीने ताट पुढे केलं, पण घास उचलेना.

"ताई, आज खाऊ ना?"

सुनयनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याच ताटातला एक घास आधी स्वतः खाल्ला.

"खा," ती म्हणाली.

तात्पर्य: चूक कबूल करायची ती दुसऱ्याने घास उचलण्याआधी, नंतर हाती उरतो तो नुसता पश्चात्ताप.